मोरीच्या पाण्यावरचा वसंत

परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की आम्ही चुलत-आते मिळून अकरा भावंडं बार्शीला जमायचो. पुण्या-मुंबईची मंडळी कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शी लाइटमध्ये बसत. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी इतक्या निवांत चाले की खिडकीतून बाभळी मोजता येत. वाड्यात शिरलं की सोप्यावर कुणी टेकायचं नाही. माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट परसात. पुढे रस्त्यावर धुळीखेरीज काही नाही, वर माळवद तापलेलं आणि मागे मात्र अळूची पानं सुपाएवढी.

हा चमत्कार कशाचा, ते आम्हाला फार उशिरा कळलं. परसात एक आड होता. पाणी जरा मचूळ, उन्हाळ्यात खोल गेलेलं. त्या पाण्याचा ताजा थेंबसुद्धा झाडांना मिळत नसे. आडातलं पाणी आधी माणसांचं. न्हाणीतून दगडी मोरीत, मोरीतून भिंतीच्या भोकातून बाहेर, आणि तिथून आजीने खुरप्याने आखलेल्या चरातून ते परसभर फिरायचं. भोकाच्या तोंडाशी कर्दळ, तिच्यामागे अळू, मग तीन केळी, मग पेरू. चर संपे तिथे लिंबू. शेवगा पार कुंपणाजवळ, त्याच्यापर्यंत पाणी पोचलं तर पोचलं. ज्याला तहान जास्त तो मोरीजवळ, ज्याला कमी तो लांब. आजी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण ही पंगत तिने बरोबर मांडली होती.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, ते बादलीत साठायचं. ती बादली कढीलिंबाची आणि मोगऱ्याची. तुळशीला तेवढं आडाचं स्वच्छ पाणी, तेही सकाळी एक तांब्या. आमच्यापैकी कुणी चुकून बादली चरात ओतली तर आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे गाढवांनो, पाणी एकदाच वापरलं की ते वाया गेलं!” ‘वाया’चा हा अर्थ आम्हाला शाळेत कुणी सांगितला नव्हता.

चैत्रात त्या परसात काय काय असे! शेवगा शेंगांनी लोंबलेला. त्याची फांदी काडीसारखी मोडते म्हणून त्यावर चढायची बंदी, आकडीने शेंगा काढायच्या. रामनवमीच्या सुमाराला रामफळं उतरवून ज्वारीच्या कणगीत पुरलेली असत. ती शोधताना आमचे हात कोपरापर्यंत पिठूळ होत आणि पिकलंय का बघायला इतकी फळं दाबली जात की शेवटी सगळी एकदमच मऊ पडत. लिंबाला आजी पावसाळा सरता सरता ताण देई, म्हणजे हस्ताचा बहार धरून लिंबं ऐन उन्हाळ्यात हाती येत. मोगऱ्याचीही तीच तऱ्हा. माघात त्याची पानं खुडून, फांद्या छाटून त्याला तहानलेलं ठेवायचं आणि मग पाणी सुरू करायचं. आम्ही पोचेपर्यंत तो कळ्यांनी डवरलेला. संध्याकाळी पाचला कळ्या काढायच्या, उमलायच्या आत. अंधारात त्या तांब्याच्या ताटलीत उमलत आणि माळवदावर झोपलेल्या आम्हा अकरा जणांना मच्छरांइतकाच त्यांचाही त्रास होई. वास असा की झोप लागू नये.

भोपळ्याच्या वेलावरून तर दरवर्षी भांडण. फुलं ढीगभर, भोपळे चार. आजी पहाटे एक फूल तोडून दुसऱ्यात घासायची. ज्याच्या मागे इवलासा भोपळा दिसतो ते ठेवायचं, नुसत्या लांब देठावरची “पोकळ” फुलं तोडून भज्यांना. त्या फुलांतही नर-मादी असते, हे पुढे आठवीच्या पुस्तकात वाचून एका भावाने आजीला मोठ्या थाटात समजावलं. ती म्हणाली, “मग मी इतकी वर्षं काय करत होते?”

अळूची परीक्षा आमच्यावरच व्हायची. वडीचं अळू काळ्या देठाचं, फदफद्याचं हिरव्या देठाचं. तरी एखादं पान खाजरं निघे. चिंच कमी पडली की घसा धरून बसणारा पहिला नातू ठरलेला होता. आज तो निवृत्त सरकारी अधिकारी आहे आणि अजूनही अळूवडी आधी दुसऱ्याला खायला देतो.

याच अळूने एका वर्षी आजीला कोड्यात टाकलं. पानांच्या कडा करपू लागल्या. ना कीड, ना पाण्याची कमी. दोन दिवस ती मोरीपाशी बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी धाकट्या काकूला म्हणाली, “ती निळी पावडर बंद.” तोवर आमच्याकडे अंगाला हरभऱ्याचं पीठ, केसांना शिकेकाई, भांड्यांना राख. हे सगळं मोरीतून गेलं तरी झाडांना बाधत नसे. धुण्याची पावडर नवी आली होती आणि काकूंच्या हातांचे कष्ट तिने अर्धे केले होते. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा आजीने पाहिला असावा. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. धुण्याच्या दगडाचं पाणी वेगळ्या पन्हाळीतून बाहेर गटारात गेलं, न्हाणीचं तसंच चरात राहिलं. पावडर राहिली, अळूही राहिलं. सासूने सुनेपुढे घेतलेली एवढी एक माघार आमच्या घराण्यात नोंदलेली आहे.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे परसाची वार्षिक जत्रा. त्या दिवशी परस ओरबाडून रिकामा होई. कैरी घरची नव्हती, ती बाजारातून. बाकी सारं आमचं. लिंबं, केळीची पानं, गजऱ्यांना मोगरा, आंब्याच्या डाळीवरच्या फोडणीला कढीलिंब. बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे पडत आणि आमच्या खिशात त्याहून जास्त. पन्हं पिऊन झालं की रिकामे पेले विसळायचे. ते पाणीही बादलीत!

अक्षय्य तृतीयेला गौर उठली की आम्हाला खुरपी मिळत. पाऊस महिन्यावर आलेला असे. प्रत्येकाने एक आळं करायचं, त्यात शेणखत घालायचं, वर दोडका, कारलं, पडवळ, नाही तर काकडीचं बी टोचायचं. गंमत अशी, की त्या वेलांची फळं आम्ही कधीच खाल्ली नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू होई. मग ऑगस्टात पोस्टकार्ड यायचं. त्यात आजोबांच्या अक्षरात एकच ओळ आमच्यासाठी असे: कुणाच्या आळ्याला किती दोडके लागले.

१९७२चा पाऊस आला नाही. १९७३च्या चैत्रात आम्ही बार्शीला उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा होत्या, घराघरांत मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या होत्या, आणि आडाचा तळ दिसत होता. एका माणसाला एक बादली, त्यातच अंघोळ, त्यातच धुणं. मोरीतून परसात काय जाणार? आजीने आधी केळी सोडली. मग अळू, मग मोगरा. राखल्या तीनच गोष्टी: तुळस, लिंबू, कढीलिंब. शेवगा आपला आपण उभा राहिला. मोगऱ्याला एक तांब्या घालू या, म्हणून आत्या रडकुंडीला आली. आजी म्हणाली, “फोडणीला मोगरा घालतेस का?” पण त्या रात्री ती स्वतः वाळलेल्या झाडाची माती हाताने चाचपत बसली होती, हे आमच्यातल्या तिघांनी माळवदावरून पाहिलं.

त्या वर्षी गौरीपुढे कण्हेरीची फुलं होती. कण्हेर कुणाच्या पाण्यावर जगत नाही. बायका आल्या, हळदीकुंकू झालं, ओटीत हरभरे पडले. पन्हं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं नाही. पुढे पाऊस आला. आषाढात मोगऱ्याला बुडखातून दोन फुटवे आल्याचं पोस्टकार्ड आलं. दोडक्यांबद्दल त्यात काही नव्हतं, कारण त्या वर्षी आळी केलीच नव्हती.

आज त्या जागी तीन मजली इमारत आहे. आड बुजला, मागे बोअर आहे. अकरातले आठ उरलो, आणि आठही फ्लॅटात. परस कुणाकडेच नाही. पण आजी गेल्यावर वाडा विकायच्या आधी कढीलिंबाच्या मुळाशी आलेले फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही वाटून घेतले होते. त्यातले चार जगले. पुणे, ठाणे, नाशिक आणि सोलापूर. चैत्रात त्यांना कोवळी पालवी येते, आणि चौघांच्याही ओट्याखाली एक बादली असते.

माझ्या कुंडीत दरवर्षी फुटवे निघतात. कुणाला हवा असेल त्याने पावसाळ्याच्या तोंडावर यावं, मी मुळासकट काढून देईन. पैसे नकोत. फक्त तांदूळ धुतलेलं पाणी यापुढे सिंकमध्ये ओतणार नाही, एवढं कबूल करून न्यावा.