गंगाजळी आणि भंगार

वर्ध्यासारख्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर लोखंडाचा व्यापार दोन ठिकाणी चाललेला दिसतो. मुख्य रस्त्यावरच्या दुकानात सळया, पत्रे, अँगल आणि खिळे नव्या झळाळीने मांडलेले असतात. गावाच्या कडेला, वजनकाट्याजवळ, तेच लोखंड गंजून, वाकून, मोडून ढिगात पडलेले असते. पहिल्या ठिकाणच्या मालकास ‘शेठजी’ म्हणतात, दुसऱ्यास ‘भंगारवाला’. धातू एकच, मान मात्र वेगळा. सोयरिकीच्या बोलणीत पहिला व्यवसाय ठळकपणे सांगितला जातो आणि दुसरा ‘लोखंडाचाच कारभार आहे’ अशा मोघम शब्दांत गुंडाळला जातो.

मान-अपमानाचा हा हिशेब मुळातच चुकीचा मांडला गेला आहे, हे प्रयोगशाळेत आणि भट्टीपाशी सिद्ध करण्यात मुंबईत वाढलेल्या एका अभियंता प्राध्यापिकेने आपली कारकीर्द वेचली. त्यांचे नाव वीणा सहजवाला. आणि असा हिशेब कोणत्या वहीत, कोणत्या खात्यावर मांडावा, याची रीत त्यांच्या जन्मापूर्वीच एका हिशेबतज्ज्ञाने सांगून ठेवली होती. तो हिशेबतज्ज्ञ वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होता. या दोघांची भेट होणे शक्यच नव्हते, तरी दोघांचे विचार एकत्र ठेवून पाहणे व्यापारी घरांच्या कामाचे आहे.

मगनवाडीचा इतिहास वर्धेकरांना नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजी बजाज यांनी आपली बाग आणि त्यातील वास्तू संघाला दिली, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे चिटणीसपद जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले, मुंबईत व्यवसाय केलेले आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेले गृहस्थ होते. ग्रामोद्योगाकडे त्यांनी जमा आणि नावे यांच्या नजरेने पाहिले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या त्यांच्या ग्रंथाचा पाया याच नजरेवर उभा आहे.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. निसर्गाची संपत्ती दोन प्रकारची असते. एक प्रवाहाची: पाऊस, पीक, रान, जनावरांची शक्ती. ती वापरली तरी पुन्हा भरून येते. दुसरी साठ्याची: कोळसा, खनिज तेल, लोहखनिज. ती एकदा काढली की तेवढी कायमची कमी होते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर पहिली मिळकत आणि दुसरी गंगाजळी. मिळकतीवर संसार चालवणारा घरधनी सुखी राहतो. गंगाजळी मोडून रोजचा खर्च भागवणारा मात्र काही वर्षे श्रीमंत दिसतो आणि मग पेढी बंद होते. कोणताही मुनीम हे जाणतो. तरीही खाणीतून निघालेल्या प्रत्येक टनाची किंमत जगाने उत्पन्नाच्या खात्यावर जमा केली. भांडवलातून तेवढी रक्कम वजा करण्याचे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. गंगाजळीतून काढलेले लोखंड खरोखर खर्च होते का? कोळसा जळाला की गेला. लोखंडाचे तसे नाही. पुलात, घरात, नांगरात, मोटारीत ते असतेच. वस्तू मोडते, धातू उरतो. म्हणजे भंगाराचा ढीग हा आजोबांनी काढलेल्या ठेवीचा परत आलेला हप्ता आहे. तो पुन्हा भांडवलात जमा करता आला, तर साठ्याची संपत्ती काही अंशी प्रवाहाची होते. वीणा सहजवाला यांचे सारे संशोधन याच जागी सुरू होते.

त्यांचे बालपण मुंबईत गेले. टाकून दिलेल्या वस्तूंतून काहीतरी वेचून, निवडून, दुरुस्त करून पोट भरणारी माणसे त्या शहरात पावलोपावली दिसतात. बहुतेकांची नजर तिथून चटकन दुसरीकडे वळते. या मुलीची वळली नाही. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी आपल्या कामाचे मूळ मुंबईतील त्या दृश्यांत असल्याचे सांगितले आहे. कानपूरच्या आयआयटीतून १९८६ मध्ये त्या धातुशास्त्राच्या अभियंता झाल्या. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. त्यानंतर कॅनडात पदव्युत्तर शिक्षण, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट, ऑस्ट्रेलियातील शासकीय संशोधन संस्थेत काम आणि अखेरीस सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. २००८ मध्ये तिथे त्यांनी टाकाऊ पदार्थांपासून टिकाऊ साहित्य निर्माण करण्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभारले.

त्यांच्या ज्या शोधाने पोलाद उद्योगाचे लक्ष वेधले, तो समजून घेणे कठीण नाही. भंगार वितळवण्यासाठी विजेची आर्क भट्टी वापरतात. ग्राफाइटच्या जाड कांड्यांमधून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की ठिणगीचा झोत निर्माण होतो आणि सुमारे १,६०० अंश सेल्सिअस तापमानाला लोखंडाचा रस होतो. रसावर मळीचा थर तरंगतो. या मळीत कोकची भुकटी आणि प्राणवायू फुंकतात. त्यातून वायूचे असंख्य बुडबुडे सुटतात आणि भात शिजताना पेज फसफसून वर यावी तशी मळी फुगते. हा फेस ठिणगीच्या झोताभोवती पांघरुणासारखा बसतो. उष्णता बाहेर निसटत नाही, वीज वाचते आणि भट्टीच्या विटाही टिकतात.

सहजवाला यांनी विचारले, की कोकचे काम कार्बन पुरवण्याचे असेल, तर तो खाणीतूनच का आणावा? जुन्या टायरात कार्बन आहे, टाकाऊ प्लास्टिकात आहे. शिवाय त्यांत हायड्रोजनही आहे आणि मळीतील लोहाच्या ऑक्साइडमधून प्राणवायू काढून घेण्यास तोही मदत करतो. उघड्यावर टायर जाळला तर विषारी धूर होतो. भट्टीच्या प्रखर उष्णतेत मात्र त्याचे रेणू तुटून कार्बन आणि हायड्रोजन मोकळे होतात. प्रयोगांत असे दिसले, की कोकचा काही भाग काढून त्या जागी टायरची भुकटी मिसळली तर मळी अधिक चांगली फुगते आणि विजेचा खर्चही कमी होतो. ऑस्ट्रेलियातील वनस्टील कंपनीच्या सिडनी आणि मेलबर्न येथील भट्ट्यांत ही पद्धत प्रत्यक्ष वापरात आली आणि लाखो टायर उकिरड्याऐवजी पोलादात गेले. २०१८ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या आवारात जुने संगणक आणि मोबाइल यांतील धातू वेगळे करणारा छोटेखानी कारखाना सुरू केला. अशा लहान घटकांनी कचरा जिथे होतो तिथेच तो हाताळावा, ही कल्पना मगनवाडीच्या परंपरेतील माणसाला परकी वाटणार नाही. २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याने त्यांना वर्षाचा मानाचा नागरिक-पुरस्कार दिला.

या शोधाचे मोल कळण्यासाठी काही आकडे ध्यानात घ्यावे लागतात. जगात दरवर्षी सुमारे १८० ते १९० कोटी टन पोलाद तयार होते आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के भाग या एका उद्योगातून येतो. खनिज आणि कोळशापासून एक टन पोलाद करताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून केल्यास हे प्रमाण पुष्कळ कमी होते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या भंगार पुनर्वापर धोरणानुसार एक टन भंगार वापरल्याने सुमारे १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. कुमारप्पांच्या वहीत ही नोंद गंगाजळीच्या बाजूला झाली असती.

तरीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे, कारण फुगवलेला ताळेबंद शेवटी पेढीलाच बुडवतो. टायरातील कार्बनही अखेर वायुरूपानेच बाहेर पडतो. कोकची गरज कमी होते, नाहीशी होत नाही. जगाची पोलादाची भूक इतकी मोठी आहे, की आज उपलब्ध असलेल्या भंगारावर ती भागणार नाही. आणि जालन्यासारख्या ठिकाणी ज्या इंडक्शन भट्ट्यांतून सळईचे पोलाद निघते, त्यांत मळी फुगवण्याची ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. संशोधन तयार कपड्यासारखे उसने आणता येत नाही. ते आपल्या मापाने बेतावे लागते आणि बेतणारी माणसे आपल्याच घरांतून निघावी लागतात.

भंगाराच्या गोदामात उन्हातान्हात बसून माल निवडणाऱ्या माणसाचे महत्त्व इथेच कळते. पोलादाच्या रसात तांबे मिसळले, तर ते सहजासहजी काढता येत नाही. प्राणवायू फुंकला तर आधी लोखंड जळते, तांबे तसेच राहते. असे पोलाद तप्त अवस्थेत लाटताना त्याच्या पृष्ठभागाला तडे जातात. म्हणून मोटारीची वायंडिंग लोखंडापासून अलग करणारा, बीड आणि पोलाद आवाजावरून ओळखणारा, पितळेचा तुकडा ढिगातून अचूक उचलणारा हात हा पोलादाच्या गुणवत्तेचा पहिला तपासनीस आहे. ज्याला मोघम शब्दांत लपवले जाते, ते कसब धातुशास्त्राच्या पहिल्या धड्याइतके मोलाचे आहे.

बाजारही आता तेच सांगू लागला आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाबरोबर त्यातील कार्बनचाही हिशेब मागण्यास आरंभ केला. डिसेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच त्यास हरित म्हणावे आणि उत्सर्जन जितके कमी तितके अधिक तारे द्यावेत, असे तिचे स्वरूप आहे. वर्ध्याजवळ भूगावलाही पोलादाचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे हा विषय या जिल्ह्यापासून दूरचा नाही. उद्या माल कोठून आला, कशाचा झाला आणि त्यात किती कोळसा जळला, हे बिलाइतकेच महत्त्वाचे ठरेल. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या लोखंड तोलले, त्यांना हे नवे तोलमाप शिकणे अवघड जाऊ नये.

अडचण शिकण्याच्या क्षमतेची नाही, नजरेची आहे. लोखंडाच्या पेढीवरचा मुलगा बी.कॉम. होऊन गादीवर बसतो किंवा सनदी लेखापाल होतो. मुलीने दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवले, तरी धातुशास्त्राचे नाव घरात कोणी काढत नाही. भट्टी, धूर, काळे हात, ‘तिथे मुलीचे काय काम?’ हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो आणि तिथेच चर्चा संपते. कानपूरच्या त्या वर्गात एकटी बसणाऱ्या विद्यार्थिनीच्या घरीही तोच प्रश्न विचारून दार लावून घेता आले असते. तसे झाले असते, तर लाखो टायर आजही कुठल्यातरी माळावर पावसाचे पाणी साठवत पडले असते.

लेखाशास्त्र आणि धातुशास्त्र यांत निवड करावी लागते, हा समजही खरा नाही. कुमारप्पा हिशेबाकडून निसर्गाकडे गेले, सहजवाला धातूकडून हिशेबाकडे आल्या. ज्या घरात रोजमेळ आणि वजनकाटा दोन्ही आहेत, त्या घरातील मुलामुलींना या वाटेचा निम्मा प्रवास वारशातच मिळालेला असतो.

दिवाळीत वहीपूजन होते. नवी वही उघडून पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. त्या दिवशी गोदामातील भंगाराच्या ढिगाकडे एकदा नजर टाकावी आणि तो कोणत्या खात्यावर लिहिला आहे, हे पाहावे. मोड म्हणून लिहिला असेल, तर नोंद अपुरी आहे. ते भांडवल आहे, आणि घरातील जी मुलगी त्या ढिगाकडे कुतूहलाने पाहते, तिचे कुतूहलही भांडवलच आहे. त्याची नोंद मुनीम करणार नाही, ती घरच्या वडीलधाऱ्यांनाच करावी लागेल.