मेगावॅट किती ते नका सांगू, संध्याकाळी सातला किती ते सांगा

विजेची कुठलीही घोषणा काढून बघा. आकडा मेगावॅटचाच असतो. पाच हजार, दहा हजार, सोळा हजार. आकडा मोठा असतो, हेडिंग चांगलं होतं. पण गेली वीस वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करताना माझ्या लक्षात आलंय की खरा प्रश्न वेगळाच आहे. ही वीज किती वाजता मिळणार, आणि नाही लागली तर पैसे कोण भरणार?

वीज ज्वारीसारखी पोत्यात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणाला लागते त्याच क्षणाला तयार करावी लागते. आणि औष्णिक प्रकल्प उभा राहायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे २०३२ च्या एप्रिलमध्ये किती पंखे, किती पंप, किती एसी चालतील याचा अंदाज आज बांधायचा आणि त्यावर २५ वर्षांचा करार करायचा. करार करणारे मंत्री आणि सचिव तोवर बदललेले असतात. बिल भरणारे तुम्ही-आम्ही तिथेच असतो.

अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, आणि आपल्या राज्याने दोन्ही बघितलंय.

आधी दाभोळ घ्या. एन्रॉनचा करार डिसेंबर १९९३ चा. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आहे, वीज महाग आहे आणि ती घेण्यासाठी कोळशाची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असा तो आक्षेप. पुण्याच्या 'प्रयास' गटानेही आकडेमोड करून करार किती जड जाईल ते दाखवलं. १९९५ ला सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा बोलणी होऊन परत मान्य झाला. मे १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. कारण वीज मंडळाला ती घेणं परवडत नव्हतं आणि न घेताही पैसे चुकत नव्हते.

हे न घेता पैसे देणं नीट समजून घ्या. तुम्ही वर्षभरासाठी जीप ठरवली. डिझेल जेवढं जाळाल तेवढं, पण मालकाचं ठरलेलं भाडं दर महिन्याला द्यायचंच, गाडी दारात उभी राहिली तरी. वीज खरेदीचे करार असेच असतात. इंधनाचा खर्च वेगळा, स्थिर खर्च वेगळा. प्रकल्प तयार आहे पण मागणी नाही म्हणून बंद ठेवला, तरी स्थिर खर्च चालू. तो शेवटी युनिटच्या दरात येऊन बसतो.

आता दुसरी बाजू. २००१ ला वीज जड झाली म्हणणारं राज्य २००५ ला अंधारात होतं. आमच्या भागात बारा-बारा तास लोडशेडिंग. दळणाच्या गिरणीपुढे रात्री अकराला रांग. झेरॉक्सवाल्याने जनरेटर घेतला आणि एका पानाचे दोन रुपये केले. दहावीची पोरं कंदिलावर. त्या मधल्या पाच-सहा वर्षांत राज्याचे स्वतःचे नवे औष्णिक संच जवळपास आलेच नाहीत. चार वर्षांत 'नको इतकी'ची 'पुरत नाही' झाली.

तिसरी गोष्ट पाण्याची. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात बंद ठेवावं लागलं आणि २०१५ ला पुन्हा. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं. कागदावरच्या मेगावॅटमध्ये मात्र परळी पूर्ण धरलेलं होतं.

आज सगळा जोर सौरवर आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत १६ हजार मेगावॅटचं लक्ष्य धरलंय. योजना चांगली आहे, हे मी स्पष्ट सांगतो. रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जाणारा शेतकरी दिवसा पाणी धरू शकला तर यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

पण सूर्य सहाला मावळतो आणि गावाची मागणी सातला चढते. घरातले दिवे, टीव्ही, मिक्सर, दुकानं, सगळं एकदम. दुपारी वीज ओसंडून वाहतेय आणि संध्याकाळी बाजारातून महाग विकत घेतोय, असं व्हायला वेळ लागणार नाही. त्यासाठी साठवण लागते. घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र आहे. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचं. कोयना १९६० मेगावॅटची, मिनिटांत सुरू होते, पण पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय. मन मानेल तशी चालवता येत नाही. म्हणजे बॅटऱ्या आणि नवी उदंचन केंद्रं किती आणि कधी, हा खरा नियोजनाचा प्रश्न आहे.

केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आता वितरण कंपनीने पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचा आणि तो दरवर्षी पुढे सरकवत न्यायचा. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. त्याची जाहिरात पेपरात येते, बारीक टाइपात, आणि आपण ती उलटून पुढे जातो. सुनावणीला उद्योगांचे वकील असतात, ग्राहक संघटनांचे मोजके लोक असतात. पंपवाला, गिरणीवाला क्वचित.

पुढची जाहिरात दिसली की एवढे चार प्रश्न लेखी पाठवा. संध्याकाळच्या वेळेला किती वीज धरली आहे? न घेतलेल्या विजेचे मागच्या वर्षी किती पैसे दिले? मागणीचा मागचा अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी यात फरक किती पडला? दुष्काळात कुठले संच बंद पडतील?

मोठ्या भाषेची गरज नाही, इंजिनिअर असायचीही नाही. मराठीत एक पान पुरतं. आपल्या तालुक्यातून दहा जणांनी जरी पाठवलं तरी त्यांना रेकॉर्डवर घ्यावं लागेल. आज सह्या होणारे करार २०५० पर्यंत चालणार आहेत. तेव्हा बिल आपली पोरं भरणार आहेत.