कुहिलीची शेंग आणि कांचनळींतलें विकर

कोंकणांत ज्यांचें बाळपण गेलें त्यांस खाजकुहिलीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पेणहून नागोठण्यावरून रोह्यास जातांना रानाच्या कडेला, पडीक वाड्यांच्या गडग्यांवर ही वेल पावसाळ्यांत माजते, आणि थंडीच्या दिवसांत तिच्या वांकड्या, तपकिरी मखमलीच्या शेंगा लोंबूं लागतात. त्या मखमलीचा स्पर्श एकदां झाला कीं तो जन्मांत विसरत नाहीं. अंगाची आग आग होते. घरच्या वडीलधाऱ्या बायका मग शेण चोळून ती लव काढावयास बसत. त्या लवींत सिरोटोनिन म्हणून एक द्रव्य सांपडतें, आणि तेंच द्रव्य आपल्या मेंदूंत मनाची प्रसन्नता राखण्याच्या कामीं येतें, हें वाचलें तेव्हां निसर्गाच्या विनोदबुद्धीचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

पण आज लिहावयाचें तें लवीविषयीं नव्हे, बियांविषयीं. आपले वैद्य या वेलीस कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात व कंपवातावर तिच्या बियांचें चूर्ण देतात. १९३७ सालीं मद्रासेस दामोदरन् व रामस्वामी या रसायनज्ञांनीं या बियांतून डोपा नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. त्याचें महत्त्व पाश्चात्त्य वैद्यकास कळावयास पुढें वीसांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १९६० मध्यें व्हिएन्ना येथें हॉर्निकिएविच यांनीं दाखविलें कीं, कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंत डोपामीन हें निरोप पोंचविणारें द्रव्य फार उणें झालेलें असतें. डोपामीन पोटांत दिलें तर तें मेंदूपर्यंत जात नाहीं. डोपा मात्र जातें व तेथें त्याचें डोपामीन बनतें. १९६७ पासून डोपाच्या गोळ्यांनीं हजारों माणसें अंथरुणांतून उठूं लागलीं.

आमचे काका पेणेस गणपतीच्या कारखान्यांत जन्मभर आखणी करीत आले. मूर्तीला रंग देणारे पुष्कळ असतात, पण डोळ्यांची आखणी करणारा हात एखादाच. सत्तरीच्या सुमारास त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ असतांना थरथरूं लागला. कुंचला उचलला कीं थरथर थांबे, पण हात जड होई आणि पापणीची रेघ मनांत असेल त्याहून आंखूड उमटे. मुंबईच्या डॉक्टरांनीं डोपाच्या गोळ्या दिल्या आणि त्यांच्या जोडीस आणखी एक लहान गोळी. काका पुन्हां पाटावर बसूं लागले.

पुढें रोह्याच्या आत्याबाईंनीं मायेनें एका वैद्याकडचें कुहिलीचें चूर्ण धाडलें. काकांनीं तें डॉक्टरांना सांगितलें नाहीं, आणि गोळ्यांची गोष्ट वैद्यांना कळविली नाहीं. “झाडपाल्याचें औषध तें, त्यानें काय व्हायचें आहे!” हें त्यांचें मत. महिन्याभरांत त्यांची मान व खांदे आपोआप वळवळूं लागले, आणि रात्रीं ओसरीवर नसलेलीं माणसें त्यांना दिसूं लागलीं. घरांत कोणी म्हातारचळ म्हणालें, कोणी बाहेरची बाधा म्हणालें. औषधशास्त्र शिकलेल्या धाकट्या सूनबाईंनीं फळीवरचे सारे डबे उघडून पाहिले, तेव्हां खरा प्रकार ध्यानांत आला.

तो समजण्यासाठीं त्या लहान गोळीचें काम समजलें पाहिजे. मेंदूंतलें डोपामीन आपला निरोप देऊन झालें कीं त्याचा निकाल लावणारें एक विकर, म्हणजे एन्झाईम, असतें. त्याचें नांव मोनोअमाइन ऑक्सिडेस. पेणच्या खारजमिनींची उघाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही गोष्ट सहज कळेल. खांचरांत सांचलेलें पाणी ओहोटीला उघाडींतून खाडीत निघून जातें. लहान गोळी ही उघाडी बंद करते, म्हणून थोडकें पाणीही खांचरांत टिकतें. डोपाची गोळी वरून पाणी सोडते. आणि काकांचें चूर्ण म्हणजे तोच दुसरा पाट! उघाडी बंद, आणि वरून दोन पाट चालू. मग बांधावरून पाणी जावयाचेंच.

या उघाड्या दोन प्रकारच्या आहेत हें १९६८ मध्यें कळलें. त्यांस ‘ए’ व ‘बी’ म्हणतात. पूर्वीचीं औषधें दोन्ही बंद करीत. आंतड्यांतली ‘ए’ बंद पडली म्हणजे जुन्या चीजमधील टायरामीन तसेंच रक्तांत शिरे व रक्तदाब एकाएकीं चढे. १९६३ च्या सुमारास विलायतेंत हें उघडकीस आलें. तेव्हां कंपवातासाठीं नेमकी ‘बी’ बंद करणारी गोळी हवी होती. तिची परीक्षा करावयाची कशावर? बैलाच्या यकृतांतून काढलेलें विकर माणसाच्या विकरासारखें दिसलें तरी प्रत्येक औषधाला सारखें उत्तर देत नाहीं, आणि माणसाचा मेंदू कांहीं परीक्षेसाठीं मागतां येत नाहीं. १९८८ मध्यें या विकरांचीं मानवी जनुकें हातीं आलीं. तीं एका जातीच्या यीस्टमध्यें घातलीं, आणि यीस्ट आपल्या पेशींत माणसाचें विकर तयार करूं लागलें! २००२ मध्यें अशाच विकराची घडण इटलींत पाव्हिया येथील मात्तेव्ही व अमेरिकेंतील एडमंडसन यांच्या मंडळींनीं अणु-अणूनें उलगडली. ज्या माणसाला कधीं कोणी पाहिलें नाहीं त्याच्या मेंदूचा एक कण कांचनळींत काम करतो, आणि नवें औषध रोग्याच्या तोंडीं जाण्यापूर्वीं त्या कणाची साक्ष घेतली जाते. आम्हांस हें एखाद्या पुराणकथेहून कमी अद्भुत वाटत नाहीं.

परंतु कांचनळींत एका वेळीं एकच औषध पडतें. आपल्या एकत्र कुटुंबांत एका फळीवर किती पडतात! ही ‘बी’ बंद करणारी गोळी चालू असतां खोकल्याच्या कित्येक औषधांत असणारें डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेणें निषिद्ध आहे. मनाच्या उदासीनतेवरील कांहीं गोळ्याही तिच्याबरोबर चालत नाहींत. आणि नातवाची खोकल्याची बाटली आजोबांना देणें आपल्याकडे काटकसरींत जमा!

डॉक्टरांनीं चूर्ण थांबविलें व गोळ्यांची मात्रा नव्यानें बसविली. वैद्यांनाही सारें कळविलें. त्यांनीं रागावण्याऐवजीं चूर्ण किती दिवस, किती घेतलें याची बारकाईनें विचारपूस केली. सूनबाईंनीं काकांच्या औषधांची यादी कपाटाच्या दाराला आंतून चिकटविली असून, आत्याबाईंनाही तिची नक्कल रोह्यास पाठविली आहे. वळवळ गेली, रात्रींची माणसेंही गेलीं. थरथर अजून आहे. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरानें काका पाटावर बसतात. हात हलका असतो तेवढ्या वेळांत चार-पांच मूर्तींची आखणी होते, आणि बाकीच्या आतां त्यांचा पुतण्या करतो.