आमच्याकडचं कॉस्ट सेंटर

"अहो, कॉस्ट सेंटर म्हणजे काय हो?"

हिने हा प्रश्न टाकला तेव्हा मी भेंडी चिरत होतो. बी. कॉम. होऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्या पदवीचा घरात कुणाला उपयोग व्हावा असा हा पहिलाच प्रसंग. मी सुरी खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणालो, "ज्या खात्यात नुसता खर्च दिसतो, उत्पन्न दिसत नाही, ते कॉस्ट सेंटर."

"म्हणजे आम्ही नर्सेस?"

मी पुन्हा भेंडीकडे वळलो.

झालं होतं ते असं. ही एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूची इनचार्ज सिस्टर. (नाव सांगत नाही. अजून तिथल्याच मस्टरवर सही करायची आहे.) तिथल्या एका टायवाल्या तरुणाने मीटिंगमध्ये पडद्यावर आलेख दाखवून प्रत्येक पाळीतल्या दोन नर्स कमी करायचं सुचवलं. ही बोलायला उठली, तर तो अदबीने म्हणाला, "मॅडम, यातलं मॅनेजमेंट तुम्हाला कळायचं नाही."

"मग कळायला कुठे जावं लागतं हो?" हिने मला विचारलं.

"अहमदाबादला," मी गमतीने म्हणालो. माझ्या विनोदांना बँकेत कुणी हसत नाही. घरी त्यांची अंमलबजावणी होते.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम 2006 पासून चालतो. किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. हिचा अठरा वर्षांचा, म्हणजे चार जणांना वाटून वर दोन वर्षं शिल्लक. फी तीस लाखांच्या वर. एवढे पैसे मी काउंटरवर पुष्कळदा मोजले आहेत, पण ते नेहमी दुसऱ्याचे.

प्रवेशासाठी आधी जीमॅट द्यायची. पंचेचाळीस मिनिटांचे तीन भाग आणि गुण 205 ते 805, पण शेवटचा आकडा नेहमी पाचच! बाटाच्या चपलांनंतर असा हिशेब मी प्रथमच पाहिला. गणिताच्या भागात कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून मी तिची शिकवणी घ्यायचं ठरवलं. पहिल्याच संध्याकाळी तिने मलाच गणित घातलं.

"पाचशे मिलीलिटर सलाइन आठ तासांत द्यायचंय. एका मिलीलिटरचे वीस थेंब. मिनिटाला किती?"

मी कागद शोधू लागलो.

"एकवीस," ती म्हणाली. "तुमचा कागद सापडेपर्यंत पेशंट थांबत नाही."

शिकवणी तिथेच बंद पडली. राहिला निबंध. 'तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा.' हे मात्र माझं क्षेत्र. मी रात्री जागून 'समन्वय', 'दूरदृष्टी', 'आव्हान' असे शब्द घालून दोन पानं लिहिली. तिने चष्मा लावून ती वाचली, पाठीमागे वाण्याची यादी केली आणि स्वतःचा निबंध लिहायला घेतला. मी तो चोरून वाचला. सुरुवात अशी होती: 'मे 2020. रात्रपाळी. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, असा नियम आहे. त्या रात्री आम्ही दोघी होतो आणि पेशंट नऊ. सकाळीही नऊच होते.'

त्या मे महिन्यात ती घरी आली की दारातूनच सरळ न्हाणीघरात जायची आणि मी पोळ्या करपवायचो. रात्री काय झालं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं. मला ऑफिसरचं प्रमोशन दोनदा आलं आणि दोन्ही वेळा मी नाकारलं. प्रमोशन घेतलं की बदली, आणि ठाणं सोडून माझ्याने राहवत नाही. कुणी विचारलं तर 'घराकडे कोण बघणार?' असं सांगायचो. हे उत्तर हिला पाठ आहे. पण अर्ज भरताना तिने त्याचा उल्लेख केला नाही. मला ते टोचून बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मुलगी यंदा दहावीला. वर्षभर घराकडे कोण बघणार, हा प्रश्न मी तीन दिवस ओठांवर घेऊन फिरलो.

चौथ्या रात्री तिने अर्जाची फी भरायला घेतली. खातं जॉइंट, त्यामुळे ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. सहा आकडे.

"अहो, सांगा ना. वेळ जातोय."

काउंटरवर बावीस वर्षांत माझा एक आकडा चुकलेला नाही. त्या रात्री मी दोन चुकीचे सांगितले.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, ड्रिपकडे पाहावं तसं. "पुन्हा मागवते," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा मी सगळे बरोबर सांगितले आणि उद्याच्या डब्यासाठी भेंडी धुवायला घेतली.