देहूरोडचा रविवार

लोकल देहूरोडला थांबते तेव्हा फलाटावरची पाटी तुकोबांच्या गावाचं नाव सांगते, पण उतरणाऱ्याला ते गाव दिसत नाही. दिसतं ते लष्कराचं कुंपण, जुनी उंच झाडं, लोणावळ्याकडे धावणारा जुना मुंबई-पुणे रस्ता. देहू इथून काही किलोमीटर आत, इंद्रायणीकाठी आहे. स्टेशनाभोवतीची वस्ती डेपोंची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी सामानाची कोठारं उभी राहिली आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. कुणी नगरकडचे, कुणी तामीळ, तेलुगू, मल्याळी, कुणी पंजाबी. पोटासाठी मुलूख सोडणारा माणूस भांडीकुंडी जमतील तेवढी आणतो, प्रार्थना मात्र अख्खी आणतो. म्हणून छावणीतल्या या लहानशा गावात ख्रिस्ती माणसाला विचारावं लागतं, तुम्ही कुठल्या चर्चचे?

डिसेंबरातल्या रविवारी सकाळी आतल्या गल्ल्यांतून चालत गेलं की कानावर प्रार्थना पडत राहते. एका खोलीतून ढोलकी आणि टाळ्या, पलीकडून तामीळ गीत, कुठे मराठीत चाललेला उपदेश. घरांवर कागदी चांदण्या लटकलेल्या असतात आणि हवेत घोरावडेश्वराच्या डोंगराकडून आलेला गारवा असतो. मला हे गाव त्या वेळी फार आवडतं. पण नुसत्या आवडण्यावर मी थांबत नाही. हे लोक एकाच प्रभूचं नाव घेतात, तर वेगवेगळ्या छपरांखाली का बसतात, हे समजून घेतल्याशिवाय या रविवारचा अर्थ लागत नाही.

आधी मराठी घरं बघू. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. 1831 साली त्यांच्या मिशनचं काम अहमदनगरला सुरू झालं आणि 1842 साली तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. या परंपरेत पवित्र शास्त्राचं वाचन आणि उपदेश यांना मोठा मान, आणि मंडळीचा कारभार पंचांच्या विचाराने चालायचा. पुढे त्याच नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट फादर आले आणि गावोगावी कॅथलिक वस्त्या झाल्या. त्यामुळे एकाच आडनावाची दोन घरं, एक मिशनचं आणि एक कॅथलिक, हे नगरकडच्या माणसाला नवं नाही. एकाकडे पाळकसाहेब येतात, दुसरीकडे फादर. एका घरात येशूचं वचन लिहिलेली पाटी, दुसऱ्यात पवित्र मरीयेची तसबीर आणि खुंटीला जपमाळ.

मल्याळी कुटुंबांची गोष्ट याहून कितीतरी जुनी. येशूचा शिष्य थोमा इसवी सन 52 मध्ये केरळच्या किनाऱ्याला उतरला, अशी त्यांची श्रद्धा आहे. पोर्तुगीज आले तेव्हा हे ख्रिस्ती तिथे कित्येक शतकं नांदत होते आणि उपासना सुरियानी भाषेत करत होते. ही भाषा येशूच्या बोलीच्या अगदी जवळची. पोर्तुगीजांनी त्यांना रोमच्या शिस्तीत बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा 1653 साली मट्टांचेरीला क्रूसाला दोर बांधून, तो धरून लोकांनी शपथ घेतली की आम्ही हे मानणार नाही. त्या दिवसापासून तो समाज दुभंगला. ऑर्थोडॉक्स, मार्थोमा, सिरो-मलबार ही नावं आज पिंपरी-चिंचवड पट्ट्यात सहज ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी तो दोर आहे.

खरा मतभेद येतो तो भाकरीपाशी. मरणाच्या आदल्या रात्री येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली, हे सगळे मानतात. कॅथलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते अशी श्रद्धा आहे, म्हणून उरलेला प्रसाद पेटीत आदराने ठेवतात आणि त्यापुढे दिवा तेवत राहतो. अमेरिकन मिशनच्या वळणाची मराठी मंडळी त्याला प्रभुभोजन म्हणतात आणि त्यात स्मरणावर भर देतात. ऑर्थोडॉक्स उपासनेत, म्हणजे कुर्बानात, वेदीपुढे पडदा असतो, धुपाचा वास असतो आणि बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही त्या भाकरीचा वाटा मिळतो. पेंटेकॉस्टल मंडळींत बाळाचा बाप्तिस्मा नसतो. माणसाने मोठं होऊन, स्वतः विश्वास ठेवून पाण्यात पूर्ण उतरायचं. पवित्र आत्म्याने बोलायला लावलेल्या अनोळखी भाषांना तिथे मोठं स्थान आहे. या चळवळीचा इतिहास सांगताना लोक अमेरिकेचं नाव आधी घेतात, पण 1905 साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेतून जी जागृती झाली, ती लॉस एंजलिसच्या प्रसिद्ध जागृतीच्या एक वर्ष आधीची आहे. पुणे जिल्ह्यातल्या परित्यक्ता आणि अनाथ मुलींनी सुरू केलेली ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगायला हवी.

हे भेद वरवरचे नाहीत. त्यापायी माणसं मेली आहेत. युरोपात 1618 ते 1648 अशी तीस वर्षं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजांचं युद्ध चाललं, गावंच्या गावं ओस पडली. त्याच काळात इथून जवळच भंडारा डोंगरावर तुकोबा अभंग रचत होते. आणि तुकोबांच्याच हयातीत, 1616 साली, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही मराठीत! ही वर्षं एकमेकांशेजारी ठेवली की मी थबकतो. धर्माने तेव्हा काय काय केलं, ते सगळं त्यात आहे.

पण देहूरोडला उभं राहून ख्रिस्ती धर्माचा विचार करणाऱ्याला नारायण वामन टिळकांपाशी थांबावंच लागतं. कोकणातल्या करजगावचा हा ब्राह्मण कवी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेता झाला. त्यासाठी त्याने जात गमावली, काही वर्षं बायकोमुलाचा सहवास गमावला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ते सगळं आहे. मात्र त्याने तुकाराम सोडला नाही. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, असं टिळक उघडपणे सांगत. त्यांनी ख्रिस्ती मंडळींना अभंग दिले, कीर्तन दिलं, आणि 1917 साली पंथांच्या भिंती ओलांडू पाहणारा 'देवाचा दरबार' मांडला. दोनच वर्षांनी ते गेले, दरबार फार टिकला नाही. त्यांची गीतं टिकली. मिशनऱ्यांनी आणलेल्या चालींच्या जोडीला भजनाच्या चालीवर येशूचं नाव गाणारा मराठी ख्रिस्ती माणूस त्यांनी घडवला. 1970 साली नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं, त्यामागे कित्येक वर्षांच्या वाटाघाटी होत्या. गाण्याने मात्र माणसं त्याच्या फार आधीच जोडली होती.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी पंढरीकडे निघते तेव्हा ती याच देहूरोडवरून निगडी-आकुर्डीकडे जाते. आणि नाताळच्या दिवशी इथे आणखी एक गर्दी असते. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवसाच्या स्मरणासाठी पांढऱ्या कपड्यांतली माणसं विहाराकडे चालत येतात, त्याच सकाळी नव्या कपड्यांतली मुलं चर्चकडे निघालेली असतात. दोन्हींकडच्या कित्येकांच्या आजोबांनी गावकुसाबाहेरचं एकच दुःख सोसलेलं आहे, त्यांची वाट तेवढी निराळी झाली. हे एकमेकांना रस्ता देऊन पुढे जातात, ते मी फार आदराने बघतो.

डेपोत नोकरीला आलेली पहिली पिढी आता थकली आहे. पहिली प्रार्थना कुणाच्या क्वार्टरमध्ये झाली, गीतांचं पहिलं पुस्तक कुणी गावाहून आणलं, तामीळ आणि मराठी मंडळी कधी एकत्र बसत, हे त्यांनाच ठाऊक आहे. देहूरोडच्या प्रत्येक मंडळीने, पंथ कोणताही असो, या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून त्यांचं सांगणं नावागावासह, सालासह लिहून घ्यावं. आणि ते काम या वर्षीच्या नाताळापासून सुरू करावं.