ओला मासा

निवृत्तीनंतर आम्हाला गळाला लावायचे लाकडी मासे घडवण्याचा नाद लागला. कोरणे जमले, रंगवताना मासा धरायचा कुठे, हा खरा पेच. पहिल्याच्या पाठीवर, वाळला का हे पाहण्याच्या उतावीळपणात, आमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या माशाला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळून वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप दिला होता. आमचा लेप इपॉक्सीचा. तो पोटाशी ओघळून साचू नये म्हणून मासा सावकाश फिरवत राहावे लागते. आता आम्ही तोंडाकडची तारेची कडीच चिमट्यात धरतो. पुढे दोरी तिथेच बांधायची असते.

अध्यापनाच्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या ओल्या लेखनाला आम्ही अशी कडी शोधून धरले नाही. सरळ पाठीवर अंगठा ठेवला. त्यांतल्या काहींनी पुढे लिहिलेच नाही.