रात्रीचे राग रात्रीच ऐका

गाणं ऐकायला कुठे जाऊ, असं कोणी विचारलं की मी कलाकाराच्या आधी वेळेचं बोलतो. पुण्या-मुंबईत संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात उत्तम गाणं भरपूर ऐकायला मिळतं. म्युझिक सर्कलच्या मैफली, स्मृतिसमारोह, पुरस्काराचे कार्यक्रम, सगळं याच तीन तासांत बसवलेलं असतं. त्यामुळे पूरिया धनाश्री, यमन, बिहाग, बागेश्री मनसोक्त होतात. पण दरबारी मध्यरात्री आणि ललित उजाडायच्या आधी ऐकायचा असेल, तर बॅग भरून बाहेर पडावं लागतं. बरीच वर्षं मी ते करत आलो आहे.

हे सुख पूर्वी पुण्यातच होतं. 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा. रमणबागेच्या मैदानावर सतरंजी टाकायची, मफलर कानावरून घट्ट गुंडाळायचा आणि भीमसेनजींचं गाणं ऐकून उजाडल्यावर घरी परतायचं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद झाले. सरकारने खास सवलत दिलीच तर मध्यरात्री बारापर्यंत, तीही वर्षातले फार तर पंधरा दिवस. नियम मला मान्य आहे. मैदानाशेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेचा अभ्यास करणारं पोर असतं.

सवाई आता मुकुंदनगरला भरतो, दुपारीच सुरू होतो आणि मी तिथे न चुकता पहिल्या कलाकाराला हजर असतो. मंडप तेव्हा अर्धा रिकामा असतो. बहुतेक जण ऑफिस उरकून, नावाजलेल्या कलाकाराच्या सुमारास येतात. पण भीमपलास, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग त्यांच्या वेळेला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळतात? शिवाय पहिला कलाकार बहुधा तरुण असतो, सवाईच्या स्वरमंचावर पहिल्यांदा बसलेला असतो आणि जीव ओतून गातो. ज्यांची गाणी मी आज आवर्जून ऐकतो, त्यांतले कितीतरी जण मला याच वेळेला सापडले. सवाईचं तिकीट काढलंत तर रजाही टाका.

तरुण मित्र क्लबमधल्या कार्यक्रमांबद्दल विचारतात. तिथेही मी हौसेने जातो. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 2007 साली ब्लू फ्रॉग सुरू झालं, तेव्हा गिरणीच्या जागेत इतका स्वच्छ आवाज ऐकून मी थक्क झालो होतो. ड्रमवरचा ब्रशसुद्धा मागच्या टेबलापर्यंत पोचायचा. 2016 मध्ये ते बंद झालं, याची हळहळ अजून आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला. पहिल्याच वर्षी बडी गाय आले होते. स्टुडिओच्या चार भिंतींत ब्लूजची गिटार छातीवर आदळते. मैदानावर ते होत नाही. क्लब निवडताना माझी एकच कसोटी असते: कलाकार वाजवत असताना लोक गप्प बसतात का? जिथे गप्पांचा आवाज बँडच्या वर जातो, तिथे मी पुन्हा पाऊल टाकत नाही.

या क्लबांमध्ये बँड रात्री दहानंतरही वाजवतात, कारण तो नियम उघड्या जागेसाठी आहे. आवाज आतल्या आत राहणाऱ्या बंद सभागृहाला त्यातून सूट आहे. कोलकात्याचं डोव्हर लेन संमेलन आजही रात्रभर चालतं ते याच बळावर. 1952 साली सुरू झालेलं हे संमेलन जानेवारीच्या उत्तरार्धात नझरुल मंचावर भरतं. माझी पहिली शिफारस तीच. शाली पांघरलेले, माकडटोप्या घातलेले श्रोते रात्री येतात ते सकाळीच उठतात.

तिथली एक पहाट सांगतो. शेवटचा गायक बसला आणि तानपुरे पुन्हा लावायला घेतले. पंचमात लावलेल्या पहिल्या तारेची खुंटी उलटी फिरू लागली. तार सैल होत होत मध्यमावर आली, मग मणी सरकवून ती नेमकी केली. म्हणजे पंचम नसलेला राग येणार. मालकंसाची वेळ केव्हाच टळून गेली होती. शेजारचे वयस्कर बंगाली गृहस्थ माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "ललित." गायकाने षड्ज लावला, थांबला, मग दोन्ही मध्यम एकाला लागून एक आले आणि अंगावर सरसरून काटा आला. तोच राग मी घरी संध्याकाळी कितीदा ऐकला होता. एवढा खोल कधीच उतरला नव्हता. रात्रभर जागलेलं शरीर आणि पहाटेचा राग एकत्र आले, की ऐकणं वेगळंच होतं.

दुसरी शिफारस बनारसच्या संकटमोचन संगीत समारोहाची. हनुमान जयंतीच्या सुमारास, देवळाच्या आवारात, रात्रभर. तिकीट नाही. कलाकार इथे हनुमानापुढे सेवा म्हणून गातात. 2023 साली या समारोहाचं शंभरावं पर्व झालं. एप्रिलच्या उकाड्याची तयारी ठेवून जा. एवढा प्रवास जमत नसेल, तर पंचम निषादच्या 'प्रातःस्वर'सारख्या सकाळच्या मैफली शोधा. रविवारी लवकर उठून ऐकलेली तोडी आठवडाभर सोबत करते.

आपल्याकडच्या म्युझिक सर्कलना माझं मनापासून सांगणं आहे. बंद सभागृहं आपल्याकडे आहेत आणि नियमात त्यांना जागा आहे. सभागृहाच्या चालकांशी बोलून वर्षातून एक रात्र, दहा ते सहा, आपल्याच गावात ठेवा. आणि श्रोतेहो, तुमच्या सर्कलच्या चिटणिसांना पत्र लिहून ही मागणी करा. तिकिटं आधी घ्यायची आमची तयारी आहे, हेही त्यात लिहा. माझं पत्र गेलं आहे.